ऐकायचं कसं, हे आपल्याला शिकवणार कोण?

कनेरगाव नाक्यावर वाशिमकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत आम्ही दोघं उभे होतो. भाऊबीज होऊन एकच दिवस झाला होता. माझी चुलत बहीण, म्हणजे आमची ताई, सासरी परत निघाली होती आणि तिला बसमध्ये बसवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. हातात फराळाची पिशवी. गप्पा चालल्या होत्या माझ्या कॉलेजच्या. मध्येच ती म्हणाली, "परत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो रे."

मी हसत विचारलं, "का गं, सासूबाई लई काम लावतात काय?"

ती म्हणाली, "हात उचलतात ते. दोन वर्षं झाली."

त्यावर मी तीन गोष्टी केल्या. आधी म्हणालो, "भाऊजी तर चांगले आहेत गं, टेन्शनमध्ये असतील." मग म्हणालो, "काही झालं तर मला लगेच फोन कर." तिने सांगितलं, फोन त्यांच्याकडेच असतो. आणि बस गेल्यावर, तिला न विचारता, मी थेट भाऊजींनाच फोन लावला. "ताईला त्रास देऊ नका, नाहीतर आम्ही आहोत इथं," असं काहीतरी दणकून बोललो. फोन ठेवला तेव्हा आपण मोठं काम केलं असं वाटत होतं.

त्यानंतर ताई आठ महिने माहेरी आली नाही. घरातली गोष्ट बाहेर सांगितल्याचा राग त्या रात्री तिच्यावरच निघाला, हे मला खूप उशिरा कळलं.

हे लिहिण्याआधी तिला विचारलंय. तिची ओळख पटेल असं काहीही इथे ठेवलेलं नाही. ती एवढंच म्हणाली, "लिही. पण तुझी चूक पण लिही." म्हणून सुरुवातच तिथून केली.

आता मुद्द्याचं. मी मास कम्युनिकेशन शिकलोय. मुलाखत कशी घ्यायची, नेत्याला अडचणीचा प्रश्न कसा विचारायचा, बातमीचा इंट्रो कसा लिहायचा, सगळं शिकवलं गेलं. पण समोरचं माणूस घाबरत घाबरत आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगत असेल, तर काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय बोलायचं नाही, याचा एकही तास झाला नाही.

बरं, मी निदान पत्रकार होणार. माझ्या नाक्यावरच्या दोस्तांचं बघा. एक जण पहाटे पाचला उठून रस्त्यावर धावतो, पोलीस भरतीसाठी. एक नर्सिंग करतेय. एक एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक डी.एड. करून शिक्षक भरतीची वाट बघतोय. येत्या दोन-चार वर्षांत या सगळ्यांच्या टेबलासमोर एक ना एक ताई येऊन उभी राहणार, हे नक्की. परवा ग्रुपवर मी एकच प्रश्न टाकला: "समोरची बाई म्हणाली, नवरा मारतो. तुमचं पहिलं वाक्य काय?"

भरतीवाला म्हणाला, "विचारीन, तक्रार द्यायची का मिटवायचं?" नर्सिंगवाली म्हणाली, "मलम लावून डॉक्टरांना सांगेन. बाकी आपलं काम नाही ना?" वकिलाने थेट कलम टाकलं. डी.एड.वाला म्हणाला, "लेकरांकडं बघून थोडं सोसा म्हणेन." यातलं कुणीही वाईट नाही, मी शपथेवर सांगतो. पण चौघांच्याही उत्तरानंतर ती बाई उठून निघून जाईल. आणि परत येणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यानुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या साधारण दर चार बायकांमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. त्याहून जास्त हलवणारा आकडा देशपातळीवरचा आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झालेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी ना कधी मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. म्हणजे जी बाई तोंड उघडते ती आधीच मोठा डोंगर चढून आलेली असते. तिचं ऐकणारा पहिला माणूस काय बोलतो, यावर ती दुसऱ्याकडे जाणार की गप्प बसणार हे ठरतं.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे, आणि चांगला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाणीसोबत लैंगिक छळ, शिव्या-अपमान आणि पैशाची कोंडी हेसुद्धा हिंसा म्हणून मोजलं जातं. संरक्षण अधिकारी हे पद या कायद्याने तयार केलं. बाईचं म्हणणं नोंदवून अहवाल करायचा (कार्यालयात सगळे त्याला 'डीआयआर' म्हणतात), तिला दंडाधिकाऱ्यांपर्यंत, दवाखान्यापर्यंत, निवाऱ्यापर्यंत पोचवायचं, हे या अधिकाऱ्याचं काम. कलम ५ सांगतं की पोलीस असोत, संरक्षण अधिकारी असोत वा दंडाधिकारी, तक्रार कानावर आली की बाईला तिचे हक्क सांगणं हे त्यांचं कर्तव्य आहे. आणि कलम ११ तर सरळ सरकारवर जबाबदारी टाकतं की पोलीस आणि न्यायिक अधिकाऱ्यांना या विषयाचं वेळोवेळी प्रशिक्षण मिळालं पाहिजे. म्हणजे ट्रेनिंग ही कुणाची मेहरबानी नाही. ती कायद्यातच लिहिलेली आहे.

आमच्या नाक्याचं उदाहरण घ्या. कनेरगाव नाका म्हणजे हिंगोली जिल्ह्याचं टोक. पलीकडे वाशिम जिल्हा, म्हणजे विदर्भ. इकडच्या लेकी तिकडे, तिकडच्या इकडे. सोयरीक करताना कुणी जिल्हा बघत नाही. पण भांडण झालं की पहिला प्रश्न येतो: "हद्द कुणाची?" सासरचं ठाणं एका जिल्ह्यात, माहेरचं दुसऱ्या. लोक गृहीत धरतात की तक्रार सासरच्याच गावात द्यावी लागते, आणि जिथून जीव वाचवून आली तिथेच परत कोण जाणार?

खरं म्हणजे कायद्याने हा प्रश्न कधीच सोडवलाय. याच अधिनियमाच्या कलम २७ नुसार बाई कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते, जिथे नोकरी करते, नवरा किंवा सासरचे जिथे राहतात किंवा घटना जिथे घडली, यातल्या कुठल्याही ठिकाणच्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. छळाच्या गुन्ह्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सांगितलं की छळामुळे सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही तक्रार चालते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात तर हद्द कुठलीही असो, ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यायची, अशी तरतूदच आहे. 'झिरो एफआयआर' म्हणतात ती हीच.

आता सांगा, हे नाक्यावर किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. हे वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात: "ताई, तुम्ही इथूनही अर्ज करू शकता." ते न कळल्यामुळे एखादीची पाच वर्षं जातात. माहिती कायद्याच्या पुस्तकात पडून असणं आणि ती बोलणाऱ्याच्या जिभेवर असणं, यातलं अंतर ट्रेनिंगच भरून काढतं.

मग ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय? एक दिवसाची कार्यशाळा, दीपप्रज्वलन, हार-तुरे, दीड तासाचं भाषण, ग्रुप फोटो आणि प्रमाणपत्र? त्याने काही होत नाही. हे कौशल्य आहे. सायकलसारखं, चालवल्याशिवाय येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टर-नर्स मंडळींसाठी याच्या पाच सोप्या पायऱ्या सांगितल्या आहेत. माझ्या शब्दांत सांगतो. पहिली, ऐका, मध्ये तोडू नका, निवाडा देऊ नका. दुसरी, तिला आत्ता काय हवंय ते विचारा. मलम, पैसे, लेकराची शाळा, झोपायला जागा, काहीही असू शकतं. तिसरी, तिच्यावर विश्वास आहे हे शब्दांत सांगा: "यात तुमचा दोष नाही." चौथी, ती सुरक्षित आहे का ते बघा, घरी गेल्यावर धोका आहे का, मारहाण वाढत चाललीय का, जिवे मारण्याची धमकी आहे का, फोन कुणाच्या हातात असतो. पाचवी, पुढच्या मदतीशी जोडून द्या. नुसता नंबर देऊन मोकळं होऊ नका.

या यादीवर मी माझी नाक्यावरची पाच मिनिटं तपासून बघितली. ऐकलं नाही. विचारलं नाही. विश्वास ठेवला नाही, उलट भाऊजींची बाजू घेतली. धोका बघितला नाही, तो वाढवला. जोडून दिलं नाही. पाचपैकी शून्य. यातली सगळ्यात मोठी चूक चौथ्या पायरीची. तिच्या परवानगीशिवाय मारणाऱ्याला जाब विचारणं म्हणजे तिला त्याच्यासोबत त्या घरात एकटं सोडणं. हे मला दोन तासांच्या सरावात कळलं असतं. तिला ते आठ महिन्यांत कळलं.

हे आपल्याकडे होत नाही असंही नाही. महाराष्ट्राने यात देशाला वाट दाखवलीय. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी: पोलिसांच्याच आवारात, पण पोलीस नसलेली, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली व्यक्ती बसवायची. बाईला खाकीची भीती न वाटता बोलता येतं आणि गरज लागली तर खाकी शेजारीच असते. पुढे हे कक्ष राज्यात पसरले.

दुसरं उदाहरण 'दिलासा'. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून ते सुरू केलं. पोलिसात न जाणारी बाईही जखम घेऊन दवाखान्यात येतेच, हा त्यामागचा विचार. तिथे रुग्णालयाच्याच लोकांना प्रशिक्षण दिलं गेलं आणि त्यांच्यातूनच पुढचे प्रशिक्षक तयार झाले. "बाथरूममध्ये पडले" असं सांगणाऱ्या बाईच्या जखमा पडल्यासारख्या दिसत नसतील, तर तिला एकटीला बाजूला घेऊन हळूच विचारायचं, आणि ती जे सांगेल ते केसपेपरवर नीट लिहायचं. तो कागद पुढे कोर्टात तिच्या बाजूने बोलतो. माझ्या नर्सिंगवाल्या मैत्रिणीला वाटतं 'हे आपलं काम नाही'. हे तिचंच काम आहे, फक्त तिला ते कुणी सांगितलेलं नाही.

पण मुंबईची उदाहरणं सांगून नाक्यावरचा प्रश्न सुटत नाही. इथे पहिली ऐकणारी माणसं वेगळी आहेत. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, उपकेंद्रातली नर्स, शाळेतले गुरुजी, गावच्या तंटामुक्ती समितीतले काका. त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की 'मिटवणं' हेच आपलं काम. "नांदायला पाठवा, लेकीचं घर मोडू नका." हेतू वाईट नसतो. पण बांधाचा वाद मिटवणं आणि मार खाणाऱ्या बाईला परत पाठवणं एकसारखं नाही. बांधाच्या वादात दोन्ही बाजू साधारण बरोबरीच्या असतात. इथे एका बाजूचा फोनसुद्धा दुसऱ्या बाजूच्या खिशात असतो. समुपदेशन म्हणजे समेट नाही. या कायद्याखालचे नियम तर सांगतात की समुपदेशनात मारणाऱ्याला आपल्या हिंसेचं समर्थन करण्याची मुभाच नाही.

इथे काही जण म्हणतील, "पण खोट्या केसेसचं काय?" प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास येतो, म्हणून टाळत नाही. ऐकणारी नर्स किंवा संरक्षण अधिकारी निकाल देत नाही. निकाल कोर्ट देतं. यांचं काम आहे ऐकणं, सुरक्षितता बघणं आणि जे सांगितलं, जे दिसलं ते जसंच्या तसं नोंदवणं. तारीख, वेळ, जखमेची जागा, बाईचे शब्द. शिकलेल्या माणसाने केलेली अशी नोंद खऱ्याला उपयोगी पडते आणि खोट्याला उघडं पाडते. म्हणजे ज्यांना खोट्या केसेसची काळजी वाटते त्यांनी तर ट्रेनिंगची मागणी सगळ्यात आधी करायला हवी.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. एका अंगणवाडी ताईंनी तो बोलता बोलता मांडला: "शिकू रे, पण शिकून पाठवू कुठं?" बरोबर आहे. ट्रेनिंग दिलं आणि साधनं दिली नाहीत तर ऐकणाऱ्याचीच घुसमट होते. संरक्षण अधिकाऱ्याकडे हे काम 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून असेल, गाडी नसेल, बोलायला बंद दाराची खोली नसेल, तर बाईने आपलं दुखणं रांगेतल्या लोकांसमोर सांगायचं का? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की महिला व बालविकास विभागातल्या अधिकाऱ्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. कायदा लागू होऊन जवळपास १९ वर्षं झाल्यावर हे सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

आणि ऐकणाऱ्याची काळजी कोण घेणार? रोज अशा गोष्टी ऐकणाऱ्या माणसाची झोप उडते. काही दिवसांनी तो कोडगा तरी होतो नाहीतर काम सोडतो. महिन्यातून एकदा अनुभवी व्यक्तीसोबत बसून अवघड प्रकरणांवर बोलता येणं, हाही ट्रेनिंगचाच भाग आहे. त्याला खर्च फार नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.

म्हणून आमच्या पानाची मागणी तीन गोष्टींची आहे.

एक, हे शिक्षण नोकरी लागल्यावर नाही, कॉलेजातच द्या. नर्सिंग, डी.एड., विधी, समाजकार्य, पत्रकारिता, सगळीकडे. परीक्षेच्या मार्कांसाठी नाही, सरावासाठी: एकाने बाई व्हायचं, एकाने ऐकणारा, बाकीच्यांनी चुका सांगायच्या. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात हिंगोली आणि वाशिम दोन्ही होती. आमच्या नाक्याच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी मेडिकल कॉलेज! नव्या संस्थेत जुन्या सवयी नसतात. 'सेहत'ने राज्यातल्या वैद्यकीय प्राध्यापकांसोबत यावर आधीच काम केलेलं आहे. पहिल्या बॅचपासून हे का शिकवू नये?

दोन, दोन्ही जिल्ह्यांनी मिळून हद्दीवरच्या गावांसाठी एक पानाचा कागद काढावा. मराठीत, मोठ्या अक्षरात. संरक्षण अधिकारी कोण, 'सखी वन स्टॉप सेंटर' कुठे, रात्री निवारा कुठे, आणि ठळक ओळ: 'हद्दीचं कारण सांगून कुणालाही परत पाठवू नये.' तो ठाण्यात, उपकेंद्रात, ग्रामपंचायतीत आणि महिलांच्या स्वच्छतागृहात लावावा. हो, स्वच्छतागृहात. तिथे नवरा सोबत नसतो.

तीन, प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी, बोलायला एक बंद खोली आणि फिरायला गाडी. एवढ्याशिवाय बाकीचं सगळं कागदावरच राहील.

आणि आपण विद्यार्थी? भरती निघेपर्यंत थांबायची गरज नाही. याच कायद्याचं कलम ४ सांगतं की कुठेतरी हिंसा होतेय असं वाटण्याला कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कुठलीही कारवाई होत नाही. मात्र शक्य असेल तिथे आधी तिला विचारा, हे मी ठेच लागून शिकलोय. तीन नंबर आजच सेव्ह करा: तातडीच्या वेळी ११२, महिला हेल्पलाइन १८१, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. उत्पन्न कितीही असो, बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, हेही लक्षात ठेवा.

गेल्या महिन्यात ताई आली होती. पुन्हा नाक्यावर, पुन्हा तीच बस. यावेळी मी फोन खिशात ठेवला आणि विचारलं, "तुला माझ्याकडून काय हवंय?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधार कार्डाची आणि लेकीच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स तुझ्याकडं ठेव. आणि आत्ता कुणाला काही बोलू नको."

झेरॉक्स माझ्याकडे आहे. पुढचं पाऊल कधी उचलायचं ते ती ठरवेल. ज्या दिवशी ती ठरवेल, त्या दिवशी टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला ऐकता आलं पाहिजे. तो माणूस तुमच्यापैकीच कुणीतरी असणार आहे.